बॉनेट उघडलं तरी काही दिसत नाही

परवा परत गाडी घेऊन कार शोला गेलो आणि परत तेच. अजून गाडी रेषेत नीट लावलीही नव्हती, काच खाली करतोय तोवर एक गृहस्थ आले, बॉनेटवरच्या लोगोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कितवं इंजिन?" मी म्हणलं, दुसरं. असे हसले की जणू घरनं पैज लावूनच आले होते. गाडी छान ठेवलीये नाही, कुठलं मॉडेल नाही, डायरेक्ट कितवं इंजिन.

तर माझ्याकडे माझदा या जपानी कंपनीची आरएक्स-८ आहे. ज्यांना माहितीये ते आत्ता गालातल्या गालात हसले असतील, असो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, २००३ ते २०१२ एवढी वर्षं बनलेली ही स्पोर्ट्स कार, चार दारं, चार माणसं खरंच बसतात, आणि इंजिनात पिस्टन नावाची वस्तूच नाही. रोटरी, म्हणजे वांकेल इंजिन. १.३ लिटर फक्त, आणि तेवढ्यातनं जपानमधल्या वरच्या व्हेरियंटला २५० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), ते पण टर्बो बिर्बो काही न लावता, आणि रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरवायची शेवटची हद्द, मिनिटाला ९००० फेऱ्यांवर. २००३ सालचं इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर हेच इंजिन होतं. हे मी शोमध्ये कुणाला सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि मग विचारतो, पण अ‍ॅव्हरेज किती देते? सात-आठ देते राव. चढ असला तर तेवढंही नाही. झालं समाधान?

शोमधली आमची जागा पण ठरलेली. शेजारी माझदाचीच आरएक्स-७ आली की संपलं. ती घराण्यातली थोरली, ट्विन टर्बो, पॉप-अप हेडलाइट, पोस्टरवर तीच, गेममध्ये तीच. तिच्याभोवती ही गर्दी, आणि तिचा पूर्ण फोटो फ्रेममध्ये यावा म्हणून मागं मागं सरकत लोक माझ्या गाडीला टेकतात. खोटं नाही सांगत, एकदा एकानं माझ्या फेंडरवर हेल्मेट ठेवून तिचे फोटो काढले, आणि वर मलाच म्हणतो, जरा बाजूला होता का.

याचं वाईट वाटायचं आधी, आता नाही वाटत. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कार शोमध्ये गाडी ज्या नजरेनं बघतात ना, त्या नजरेला या गाडीतलं भारी काय ते दिसूच शकत नाही. आता बघा, शोचा एक रिवाज असतो, आलात की बॉनेट उघडायचं. शेजारच्यांची बॉनेटं उघडली की आत क्रोमचे पाइप, रंगवलेले कव्हर, सिलिकॉनच्या निळ्या-लाल नळ्या, एखाद्याचा तर टर्बो पातेल्याएवढा. माझं उघडलं की आत काळं प्लास्टिक. इंजिन आहे कुठे? खाली आहे, मागं आहे. इंजिन इतकं छोटं की पुढच्या चाकांच्या अ‍ॅक्सलच्या मागं, आणि जमेल तेवढं खाली बसवलंय, त्यामुळे गाडीचं वजन पुढं-मागं जवळजवळ ५०-५० वाटलं जातं. म्हणजे इंजिन दिसत नाही हाच तर सगळा पराक्रम आहे, आणि मार्क मात्र इंजिन कसं दिसतं याला. एक जज टॉर्च घेऊन आले होते, वाकून वाकून बघत होते, मला शेवटी राहवलं नाही, म्हणलं सर अजून खाली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले. काय लिहिलं असेल ते रिझल्टच्या वेळी कळलंच.

वळणावर घ्या ना हिला. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच तिकडं, मागनं कुणी ओढत नाहीये, पुढं कुठलं ओझं नाहीये, आणि इंजिन असं फिरत जातं की काटा आठ हजारच्या पुढं गेलाय हे तुम्हाला आवाजावरनं कळतच नाही, थरथर नसतेच, म्हणून तर गाडी रेडलाइनच्या जरा आधी बीप देते, बाबा रे गिअर टाक. हे उभ्या गाडीत कसं दाखवणार? धुऊन-पुसून मैदानात उभी केलेली आरएक्स-८ म्हणजे गवयाला फोटो स्टुडिओत बसवल्यासारखं आहे.

म्हणून मी एक उद्योग सुरू केलाय. गाडीबरोबर एक फोल्डिंग टेबल नेतो आणि त्यावर माझ्या पहिल्या इंजिनातला रोटर ठेवतो. (हो, पहिलं गेलं. मी सेकंडहँड घेतली तेव्हाच कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, कमी होतं, गरम झाली की स्टार्ट व्हायला कुरकुर करायची, आणि आधीच्या मालकाच्या बोलण्यावरनं डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, त्यानं कधी बाहेर काढली असेल असं वाटलं नाही. मला कळत होतं तरी घेतली, तो माझा दोष.) हा रोटर म्हणजे फुगीर बाजूंचा त्रिकोण, चार किलोच्या वर वजन, मधे दातेरी भोक. पोरं आधी हात लावायला घाबरतात, मग उचलतात, मग सोडतच नाहीत. मी त्यांना त्याची तीन टोकं दाखवतो. प्रत्येक टोकाला एक खाच, आणि खाचेत जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी बसते, अपेक्स सील म्हणतात तिला. अख्ख्या गाडीची इज्जत त्या पट्टीवर. ती घरंगळत्या त्रिकोणाच्या टोकावर बसून इंजिनाच्या आतल्या भिंतीला सतत घासत राहते आणि एका बाजूचा स्फोट दुसऱ्या बाजूला जाऊ देत नाही. त्रिकोणाच्या तीन बाजूंवर एकाच वेळी तीन वेगवेगळी कामं चालू, एकीकडे हवा-पेट्रोल आत येतंय, दुसरीकडे दाबलं जातंय नाहीतर पेटतंय, तिसरीकडे धूर बाहेर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, खाली-वर काही जात नाही, सगळं गोल. दोन रोटर आणि एक शाफ्ट, इंजिनातले फिरणारे मुख्य भाग संपले. आणि गंमत म्हणजे शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा रोटर एकदाच फिरतो, म्हणजे मीटरवर ९००० दिसतात तेव्हा आत रोटर निवांत ३००० वर चाललेला असतो. हे सांगितलं की मोठी माणसं पण खाली वाकून परत रोटर हातात घेतात.

ही पट्टी काय आजची डोकेदुखी नाही. माझदानं साठच्या दशकात जर्मनीच्या एनएसयू या गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडनं लायसन्स घेऊन काम सुरू केलं तेव्हा सीलच्या थरथरीनं इंजिनाच्या आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे उठायचे, त्याला तिथले इंजिनिअर सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोटो आणि त्यांची ४७ जणांची टीम त्याच्या मागं लागली आणि १९६७ ला माझदाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, रस्त्यावर आली. त्याच वर्षी एनएसयूची आरओ-८० पण आली, सुंदर गाडी, पण सुरुवातीच्या इंजिनांनी कंपनीला वॉरंटीत रडवलं. असं म्हणतात की आरओ-८० वाले रस्त्यात समोरासमोर आले की हात हलवायच्या ऐवजी बोटं दाखवायचे, जितकी इंजिनं बदलली तितकी बोटं. खरं-खोटं देव जाणे पण मला हा किस्सा फार आवडतो. मी तो शोमध्ये दहा वेळा सांगतो. घरचे आता तो सुरू झाला की उठून जातात.

आता माझं मत. या गाडीची जी बदनामी आहे ती अर्धी खरी आहे, आणि मालक लोकांचे ग्रुप आहेत ना, ते जे म्हणतात की सगळी चूक मालकांची, गाडी एकदम निर्दोष, ते पण मला पटत नाही. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांची इंजिन वॉरंटी माझदानं वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली होती, उगाच कोण करतं का? लाँचच्या वेळी तिथं पॉवरचा आकडा जास्त छापला, मग खाली आणून २३८ हॉर्सपॉवर करावा लागला, ती नामुष्की वेगळीच. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कमी आहे, म्हणजे खरंच कमी आहे, इंजिन हळू फिरत असताना डिझेल हॅचबॅक पण हसून पुढं जाते. हे सगळं मान्य.

पण उरलेली अर्धी बदनामी कशी झाली माहितीये? लाडानं. ही गाडी ऑइल पिते हा तिचा आजार नाहीये, तशीच बनवलीये, सील घासू नये म्हणून एक छोटा पंप इंजिनातलंच ऑइल थोडं थोडं आत सोडतो आणि ते जळतं. म्हणजे दर एक-दोन टाक्यांनी डिपस्टिक बघायची, कमी असलं तर भरायचं. लोक बघत नाहीत, कारण बाकीच्या कुठल्याच गाडीत बघावं लागत नाही. दुसरं, हिला हळू चालवलेलं सोसत नाही. सोसायटीतून बाजारात, बाजारातून सोसायटीत, तीन हजारच्या वर काटा नाही, मालक खूश की मी किती जपतो गाडीला, आणि आत कार्बन साठत चाललाय. गरम झाली की रोज एकदा तरी वर नेऊन आणायची, मनापासून. जी गाडी ओरडवली की निरोगी राहते तिला लोकांनी झोपाळ्यात निजवली.

आणि तिसरं तर मी स्वतःच करून दाखवलं, परवाच, सगळ्यांसमोर. थंड इंजिन स्टार्ट करून लगेच बंद करायचं नाही, हा रोटरीचा पहिला नियम, मी स्वतः टेबलापाशी उभा राहून लोकांना सांगतो. गाडी लावल्याला तीन-चार तास झाले होते. एक स्वयंसेवक मुलगा धावत आला, काका दोन फूट मागं घ्या ना, मोठी गाडी आत यायचीये. मी एका पोराला मागचं दार दाखवत होतो (ते उलटं उघडतं, मधे खांबच नाही, आणि पुढचं उघडल्याशिवाय मागचं उघडत नाही, पोरांना यात काय मजा वाटते कळत नाही पण दहा-दहा वेळा उघडतात). त्या नादात बसलो, स्टार्ट, दोन फूट मागं, बंद. चावी फिरवतानाच पोटात गोळा आला. पण म्हणलं असू दे, होईल.

निघायच्या वेळी नाही झाली. स्टार्टर फिरतोय फिरतोय, इंजिन गप्प. आत पेट्रोल साठलेलं, प्लग ओले. सगळ्या गाड्या एकेक करून फटाके फोडत निघाल्या आणि माझ्याभोवती दिवसभरात पहिल्यांदाच गर्दी. आरएक्स-७ वाला पण उतरून आला. "गेलं वाटतं," मागनं कुणीतरी. तोच टॉर्चवाला जज पण लांबनं बघत होता.

उपाय माहीत असतो, फक्त चारचौघात करायला धीर लागतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरायचा, तसं केलं की स्टार्टर फिरवताना पेट्रोल बंद होतं, नुसती हवा आत जाते. मग दहा सेकंद स्टार्टर, थांबायचं, परत दहा सेकंद. बॅटरी दम टाकायला लागली तेव्हा सकाळचेच ते गृहस्थ गर्दीतनं पुढं आले, कितवं इंजिनवाले. काही न बोलता आपल्या गाडीतनं जंपर केबल आणली, बॅटरीवरचं प्लास्टिक कव्हर सराईतपणे काढलं, केबल लावली आणि मला खिडकीतनं म्हणाले, "पाय उचलू नका. मी सांगतो तेव्हा अर्धा सोडा."

चौथ्या वेळेला एक रोटर पकडला, फट्-फट्-फट् करत गाडी लंगडायला लागली, मग दुसरा पकडला आणि मागनं पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की आरएक्स-७ दिसेनाशी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभरात माझ्या गाडीला मिळालेल्या पहिल्या टाळ्या, आणि त्या बंद पडून परत सुरू झाल्याबद्दल.

मी काच खाली करून त्यांना थँक्यू म्हणलं, विचारलं तुम्हाला कसं काय एवढं माहिती? ते केबल गुंडाळत होते, नुसते हसले. टेबल, रोटर डिकीत टाकून गेटपाशी पोचलो तर ते तिथंच आपल्या साध्या सेडानपाशी उभे. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला. मला वाटलं टाटा करतायत.

तीन बोटं होती.