नायट्रोजनही तापला की प्रसरण पावतोच

"नायट्रोजन उष्णतेने प्रसरण पावत नाही. साध्या हवेतला ऑक्सिजन मात्र फुगतो आणि टायर फोडतो. म्हणून टायरमध्ये नायट्रोजन भरा आणि दाब तपासण्याची चिंता कायमची सोडा," असा एक संदेश बराच काळ फिरतो आहे. आजवर मी तो वाचून सोडून देत आलो. पण लांबच्या प्रवासाला निघताना माझी ताई टायर न तपासताच गाडी काढू लागली आणि कारण विचारल्यावर तिने हाच संदेश पुढे केला, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

मुळात साध्या, कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि ऑक्सिजन २१ टक्के. संदेशातला "सुरक्षित" वायू प्रत्येक टायरमध्ये आधीपासूनच भरलेला आहे.

राहिला प्रसरणाचा प्रश्न. तो दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी निकालात निघाला आहे. १८०२ साली गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने हवा, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन हे वायू वेगवेगळे घेऊन बर्फ वितळण्याच्या तापमानापासून पाणी उकळण्याच्या तापमानापर्यंत तापवले, तेव्हा प्रत्येकाच्या १०० भागांत सुमारे ३७.५ भागांची वाढ झाली. पुढच्या अधिक काटेकोर मोजमापांनी हा आकडा ३६.६ वर आणला, पण नायट्रोजन वेगळा वागतो असे कोणालाही आढळले नाही. कारणही सरळ आहे. विरळ वायूचा दाब रेणूंची संख्या, त्यांना मिळालेली जागा आणि निरपेक्ष तापमान (म्हणजे केल्विनमध्ये मोजलेले तापमान) यांवर ठरतो. रेणू कशाचा आहे यावर नाही. ऑक्सिजनचा रेणू जड असल्यामुळे तो थोडा सावकाश धावतो, परंतु समान तापमानाला दोघांची सरासरी गतिज ऊर्जा समानच असते. टायरमधल्या दाबाला प्रत्यक्ष वायू आणि आदर्श वायू (म्हणजे हा नियम तंतोतंत पाळणारा कल्पित वायू) यांच्या वागण्यातला फरक एक टक्काही भरत नाही.

हिशेबच करून पाहू. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला, मापक ३२ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, हे दाबाचे एकक) दाखवत असेल, तर बाहेरच्या वातावरणाचे १४.७ मिळवून खरा दाब ४६.७ होतो. टायर तापून ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्विनवर गेला आणि त्याचे आकारमान जवळपास तेच राहिले, तर दाब दहा टक्क्यांनी वाढून ५१.४ होईल आणि मापकावर जवळपास ३७ दिसेल. या गणितात वायूचे नाव कुठेही येत नाही.

विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात हे खरे आहे, पण ते आग आणि बाष्पाचा धोका टाळण्यासाठी. तो प्रसरण पावत नाही म्हणून नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी ग्राहक नियतकालिकाने ३० पीएसआय दाबाने भरलेले टायर वर्षभर ठेवून पाहिले, तेव्हा हवेच्या टायरमधला दाब सरासरी ३.५ ने, तर नायट्रोजनच्या टायरमधला २.२ ने घटला. फरक आहे, पण नायट्रोजनही गळतोच, आणि खिळा घुसला किंवा व्हॉल्व्ह सैल झाला तर आत कोणता वायू आहे याला काही अर्थ उरत नाही.

म्हणूनच "दाब तपासू नका" हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. दाब कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, त्या दबण्या-उघडण्याने रबर आतून तापते, थर सुटू लागतात आणि भरधाव वेगात तो फुटू शकतो. ज्या उष्णतेची भीती हा संदेश घालतो, तीच त्याचा सल्ला मानल्याने वाढते. ताईच्या टायरमध्ये नायट्रोजनच होता. मी मापक लावला तेव्हा ३२ च्या जागी एका टायरमध्ये दाब २५ च निघाला. तिने दाब पूर्ववत करून घेतला आणि मगच गाडी काढली. दाब नेहमी गाडी काही तास उभी राहून टायर थंड झाल्यावरच मोजावा, आणि प्रवासात आकडा वाढलेला दिसला म्हणून वायू सोडून देऊ नये, कारण टायर निवल्यावर तो आवश्यकतेपेक्षा कमी भरलेला राहतो.