एकशे बत्तीस फुटांची दोरी

तासगावजवळच्या आमच्या गावात झेडपीच्या शाळेला टच पॅनल घ्यायचा की नाही, यावर महिनाभर बेदाण्याच्या दरापेक्षा जास्त खल चालला आहे. वर्गणी बागायतदारांची. साक्षीदार मात्र मी, कारण मी ऑस्ट्रियात लिंत्सला राहतो.

पॅनलवाले विचारतात, "तिकडं सरकार पोरांना लॅपटॉप देतंय, खरं का?" खरं आहे. २०२१ पासून साधारण पाचवीच्या मुलांना मिळतो, पाव किंमत पालकांनी भरायची. विरोधी बाजूचे आप्पा विचारतात, "आन् शाळंत मोबाईल बंद केल्यात म्हणं?" तेही खरं. मे २०२५ पासून आठवीपर्यंत बंदी आहे. एकाच देशात दोन्ही झालं, त्यामुळे माझी साक्ष कुणाच्याच कामाची नाही.

मला सांगायचंय ते माझ्या मुलीच्या वहीबद्दल. तिच्या बाईंनी वर्गात विचारलं होतं, परिमिती तीच ठेवून आयत लांबट केला, तर क्षेत्रफळाचं काय होईल? बाईंनी आधी अंदाज पेनाने लिहून घेतला, मग लॅपटॉपवर आयताचं सिम्युलेशन, म्हणजे ओढून-ताणून बघायची हलती आकृती, उघडू दिलं. वहीत लेकीचं उत्तर होतं : 'तेवढंच राहील'. त्यावर काट मारलेली आणि खाली तीन आयत काढलेले. ते पान मला लॅपटॉपपेक्षा मोलाचं वाटतं. कारण हीच मुलगी घरी तेच सिम्युलेशन उघडते तेव्हा आकडा मोठा होईपर्यंत कोपरा ओढत बसते आणि "जिंकले" म्हणते. अंदाज नाही, तर चूकही नाही, नुसता खेळ.

माझी ताई गावच्या त्या झेडपीच्या शाळेत सातवीला शिकवते. तिला फोनवर हे सांगितलं, तर तिने गुंठाच काढला. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. चारी बाजूंनी दोरी लागते १३२ फूट. मैदानात सुतळी धरून तिने पोरांना विचारलं, एवढ्या दोरीत नेहमी गुंठाच मावणार का? बहुतेकांनी हो म्हटलं. मग ५० बाय १६ केलं, ८०० भरले. ६० बाय ६ केलं, ३६०. गुंठ्याचा तिसरा हिस्सासुद्धा धड नाही!

मग पडदा कशाला? सुतळीने एका तासात चार आयत होतात आणि निम्मा वेळ गाठी सोडवण्यात जातो. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये आयताचा कोपरा सरकवला की शेजारी क्षेत्रफळाचा आलेख चढतो, लांबी ३३ झाली की माथा गाठतो आणि उतरतो. हाच माथा बारावीत डेरिव्हेटिव्ह म्हणून अंगावर येतो. सातवीतल्या पोराला तो आधी डोळ्यांनी दिसला, तर बिघडलं कुठे? मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्गला विद्यार्थी असताना हे जिओजेब्रा सुरू केलं. आता ते आमच्या लिंत्सच्या विद्यापीठात शिकवतात. वर्गात ते फुकट वापरता येतं. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्सही फुकट आहेत. दोन्ही आधी उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय चालतात.

म्हणून पॅनलसाठी माझी वर्गणी धरू नका. त्यावर शेवटी व्हिडिओच लागतील, म्हणजे फळ्याला वीजबिल जोडल्यासारखं. शाळेत जुना प्रोजेक्टर आहे, त्याला एक बरा लॅपटॉप मी देतो. आणि प्रश्न कसा विचारायचा याची दोन दिवसांची कार्यशाळा ताईसारख्या चार शिक्षकांसाठी ठेवा. तिचा खर्चही माझ्याकडे. समितीला हे फारसं रुचलेलं नाही. लॅपटॉपवर देणगीदारांची नावं टाकता येत नाहीत.

आप्पांचा मात्र रात्री फोन आला. सातवीतल्या नातवाने घरी दोरीचा हिशोब सांगितला होता. ओढ्याकडच्या त्यांच्या चिंचोळ्या पट्टीला तार एवढी का लागते, ते म्हणे आत्ता कळलं. पॅनलला विरोध कायम आहे.