‘सर्चमध्ये आलं नाही, म्हणजे तो कागदच नाही’

महिनाभर एक मेसेज वेगवेगळ्या ग्रुपांतून माझ्याकडे येतोय. शेवटी तो चुलतभावाने पाठवला, वर ‘वाचच’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: सगळे ऐतिहासिक कागद आणि नकाशे आता ऑनलाइन आहेत. नाव टाका, सापडलं नाही तर तो पुरावा मुळात नव्हताच. जुन्या कागदांची मोडी लिपी आता ॲप वाचतं. मूळ कागद उघडला की तारखांचे वाद मिटतात. जुना नकाशा गूगलच्या नकाशावर ठेवला की शेताची हद्द कळते. आणि शेवटी ठसक्यात, ‘संशोधकांची मक्तेदारी संपली!’

मक्तेदारी सैल झाली हे खरं आहे आणि ते झालं हे चांगलंच झालं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ मी रोज उघडतो. डेव्हिड रम्झी संग्रहातले नकाशे घरी बसून इतके मोठे करून बघता येतात की कोरलेल्या अक्षरांचे काटेसुद्धा दिसावेत. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० मापाचे नकाशे खुले ठेवलेत. ते आपल्या ट्रेकर मंडळींना पाठ आहेत. त्यांत कोयनेचं खोरं धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी चढण्याआधीचं दिसतं. तेव्हा भांडण या साधनांशी नाही, मेसेजशी आहे.

‘सगळे कागद’ म्हणजे किती? पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० पासून त्यांतून ४५ खंड काढले, पण ती निवड होती. आज जे स्कॅन होतंय तेही टप्प्याटप्प्याने होतंय. अभिलेख पटलावरही पुष्कळदा सूचीतली एक ओळ दिसते, कागदाचं चित्र नसतं. ती ओळ म्हणजे कागद नव्हे, कागदाचा पत्ता.

‘सापडलं नाही म्हणजे नव्हतंच’ हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. शोधपेटी हस्तलिखित वाचत नाही. कुणा लिपिकाने सूचीत जे टाइप केलं तेवढंच ती वाचते. पत्रात दहा गावं असतील आणि सूचीत ‘महसुलाबाबत’ एवढंच असेल, तर तुमच्या गावाचं नाव टाकून काहीच येणार नाही. ‘किरकोळ’ या मथळ्याखाली काय काय बांधलेलं असतं, हे रुमाल सोडल्याशिवाय कळत नाही.

त्यात नावांची गंमत. इंग्रजी कागदांत वसई शोधाल तर हात हलवत परत याल. तिथे ती बसीन आहे आणि पोर्तुगीजांकडे बसाइं. ठाणे टॅना, खडकी किरकी, पुणे कधी पूना तर कधी पूनाह. खुद्द शिवाजी महाराज सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रांत ‘सेवाजी’ होतात, तेही प्रत्येक कारकुनाच्या हातचं वेगळं स्पेलिंग. म्हणून आधी नावाची सहा-सात रूपं कागदावर लिहून काढायची, मग एकेक टाकायचं. तरीही नाही आलं, तर गावाऐवजी परगण्याचं किंवा तर्फेचं, म्हणजे गाव ज्या जुन्या महसुली विभागात होतं त्याचं नाव टाकायचं. एवढं करूनही रिकामे राहिलात, तर ‘या सूचीत मला मिळालं नाही’ इतकंच म्हणता येतं.

तारखांचं तर विचारूच नका. ‘१७६१’ टाकून पानिपतावरचं मराठी पत्र शोधणाऱ्याला सांगायला हवं की त्या पत्रात १७६१ हा आकडाच नसतो. ती लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे पौष शुद्ध ८, शके १६८२. शकात ७८ मिळवायचे ही शाळेतली रीत इथे फसते. जानेवारी असल्यामुळे ७९ मिळवावे लागतात. त्याच वर्षाच्या कागदावर सुहूर सन ही मराठी दफ्तरातली जुनी कालगणना असेल तर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं अरबी शब्दांत येतं: एक, साठ, शंभर, हजार. झाले ११६१. हे वर्ष जूनमध्ये मृग नक्षत्राला बदलतं, त्यामुळे त्यात महिना बघून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. आधीच्या शतकात जा, तर घोळ आणखी वाढतो. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर धरलं, इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्यावर अडून बसले. म्हणून राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा दिवस गोव्याच्या पोर्तुगीजांच्या हिशेबाने १६ जून होता. वर इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, तेव्हा त्यांच्या पत्रावरचा फेब्रुवारी १६७३ हा पुष्कळदा आपला १६७४ असतो. कागद उघडला की वाद मिटतो म्हणणाऱ्याने हे गणित एकदा करून बघावं. पुष्कळदा वाद सुरू होतो तो तिथेच.

मोडी वाचणारं ॲप. प्रयोग चाललेत आणि ते चालायलाच हवेत. पण मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, आणि घाईतल्या कारकुनाच्या हातात दोन अक्षरं सहज एकसारखी दिसतात. माणसाला मागचा-पुढचा संदर्भ माहीत असतो म्हणून तो अडखळत का होईना वाचतो. यंत्राने ठोकून दिलेला शब्द तपासायला शेवटी मोडी येणारा माणूसच लागतो, नाहीतर ध चा मा करायला आनंदीबाईचीही गरज उरत नाही. शिवाय स्कॅनमध्ये पुष्कळदा कागदाची पाठ येतच नाही. लांब कागदाच्या जोडावरचा शिक्का तर पाठीमागेच असायचा, मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून. अस्सल-नक्कल ठरवताना नेमकं तेच बघायचं असतं.

राहिला नकाशा, ज्यापायी चुलतभावाने मेसेज पाठवला. त्याचा बांधावरून शेजाऱ्याशी तंटा आहे. त्याने एक जुना नकाशा उतरवून घेतला, गूगलच्या चित्रावर चढवला आणि ‘बघ, बांध चार हात आत सरकलाय’ म्हणून मला दाखवला.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना चार-सहा खुणा जुळवतात आणि मधला भाग संगणक ताणून देतो. इंग्रज मोजणीदार जेम्स रेनेलचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा घ्या. रेनेलने स्वतः मोजणी केली ती बंगालकडे. दख्खन त्याने दुसऱ्यांच्या कूचनोंदी, म्हणजे फौजांनी वाटेत टिपलेली अंतरं, आणि अक्षांश जुळवून उभं केलं, आणि विल्यम लॅम्बटनची त्रिकोणांच्या जाळ्याने केलेली काटेकोर मोजणी मद्रासजवळ सुरू व्हायला १८०२ उजाडलं. तिथे चूक मैलांत असते. त्या मापावर एखादं गाव नसणं म्हणजे फक्त कागदावर जागा नसणं. भावाचा नकाशा इतका जुना नव्हता, पण छोट्या मापाचा होता, म्हणजे मोठा मुलूख लहान कागदावर. त्यावर पेन्सिलची एक रेघ म्हणजे जमिनीवर कित्येक फूट.

शेताची हद्द ठरते ती साखळीच्या मोजणीवर. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. ती मापं टिपणात, म्हणजे मोजणीच्या वेळच्या नोंदीत असतात. त्यात १९४७ च्या जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट एकच असं धरून चालत नाही. भाऊ नेमका तिथेच चुकला होता. तो शेजारच्या गटाची रेघ आपली म्हणून बघत होता.

आता त्याने टिपण आणि एकत्रीकरणाच्या उताऱ्याच्या प्रमाणित नकला मागितल्यात, सोबत मोजणीचा अर्जही दिलाय. उतरवून घेतलेला नकाशा फाइलला लावू का, असं विचारत होता. म्हटलं लाव, पण सगळ्यांत खाली.