आजारी माणसाची खबर कोणी द्यायची?

घरातलं कोणी दीर्घ आजाराने हॉस्पिटलात पडलं की आपण पैशांची जुळवाजुळव करतो, डबा कोण नेणार, रात्री कोण थांबणार ते ठरवतो, रक्तासाठी फोन फिरवतो. एक काम मात्र कोणालाच नेमून दिलेलं नसतं, ते म्हणजे लोकांना कळवायचं. मग ते आपसूक त्याच माणसाच्या गळ्यात पडतं, जो पेशंटच्या उशाशी बसून आधीच अर्धमेला झालेला असतो. माझं म्हणणं एवढंच की हे काम वेगळं आहे आणि उशाशी बसणाऱ्याकडे ते अजिबात देऊ नये. थोडं लांब लिहितेय, सवडीने वाचा.

आमचे तात्या म्हणजे माझे चुलते. देवगड तालुक्यात आंब्याची बाग. दिवाळी झाली आणि त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. दिवसभर बागेत उभे असतात, त्यानेच असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दोन-तीन दिवसांत पायरी चढवेना, मग चहाचा कप धरवेना. निदान निघालं गुलियन बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोडच्या भागात एकदम रुग्ण वाढले तेव्हा हे नाव आपल्या घरांत पोचलं, नाहीतर १९१६पासून डॉक्टरांच्या पुस्तकात असलेला हा आजार आपल्याला कुठे ठाऊक होता! शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो आणि छातीपर्यंत पोचला तर श्वासासाठी यंत्र लावावं लागतं. तात्यांना लागलं. सिंधुदुर्गातल्या माणसाला असं काही झालं की वाटा तीनच, गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल, कोल्हापूर नाहीतर मुंबई. आम्ही घाट चढलो.

दादा आणि काकू तिकडे राहिली, मी गावात. पहिले काही दिवस दादाचा फोन लागायचाच नाही, कारण तो कायम कोणाशी तरी बोलत असायचा. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून तो सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वाक्य सांगत होता. मुंबईची आत्ये, ठाण्याचे मामा, भजनी मंडळातले सगळे, वाशीचा आंब्याचा दलाल. प्रत्येकाचा प्रश्न तोच, "डॉक्टर काय म्हणतत?" आता जीबीएसमध्ये पाच दिवसांची इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं देऊन झाली की डॉक्टर एकच सांगतात, वाट बघा. वाट बघतोय हे दिवसातून कितीदा सांगणार? फोन करणारे मायेनेच करत होते, मला मान्य आहे. पण तीच माया जेवायच्या वेळी, औषधांच्या दुकानाच्या रांगेत आणि रात्री डोळा लागता लागता वाजायला लागली की माणूस फोन बघून दचकायला लागतो.

म्हणून आम्ही ठरवलं. संध्याकाळी डॉक्टरांचा राउंड झाला की दादाने एकदाच मला फोन करायचा. सात वाजता मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिणार. बाकी कोणी दादाला फोन करायचा नाही, त्याचा फोन हॉस्पिटलसाठी मोकळा हवा.

दोघे-तिघे रुसले. "आमका आता ग्रुपार कळवतले? आम्ही काय परके?" असं माझ्या कानावर आलं. रुसू देत. ज्यांचा मान खरंच ठेवायला हवा अशा दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना मी स्वतः फोन करत होते आणि बाकीच्यांचा राग गणपतीत मोदकांबरोबर विरघळेल असा माझा हिशोब होता. आजारी माणसाच्या घराने लोकांचे मानापमान सांभाळत बसायचं नसतं.

ग्रुप केला तो फक्त अ‍ॅडमिनला मेसेज टाकता येईल असा. हे करा, हात जोडून सांगते. उघड्या ग्रुपवर एका खबरेवर पन्नास हात जोडलेले, गुलाबाची फुलं, पपईच्या पानांचा रस, कोणाच्या तरी मेव्हण्याला आलेला गुण, आणि वर एखादा राजकारणाचा फॉरवर्ड येतो. खरी बातमी त्याखाली गाडली जाते. ब्रॉडकास्ट लिस्टचा उपयोग होत नाही, कारण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो आणि गावातल्या अर्ध्या लोकांना माझा नंबर 'तात्यांच्या घरचा' एवढाच माहीत.

लिहिलेलं वाचणार नाहीत अशांसाठी तीच खबर मालवणीत बोलून टाकायची. आमच्या वाडीत सड्यावर गेल्याशिवाय रेंज नाही, त्यामुळे तिठ्यावरच्या दुकानदाराने स्वतःहून एक प्रथा सुरू केली. सात वाजले की तो माझा आवाज दुकानात मोठ्याने लावायचा. बिडी घ्यायला आलेले, दूध घालायला आलेले, सगळे ऐकायचे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हबकले. मग वाटलं, बरंच झालं. काय लिहावं आणि काय नाही याचं मापच मिळालं. जे तिठ्यावर मोठ्याने वाजलेलं तात्यांना चालेल, तेवढंच सांगायचं. श्वास, ताप, हातापायांची ताकद हे चालेल. लघवीची नळी, अंगावरचे व्रण, रडले की नाही, हे कोणाच्या बापाचं काम नाही. आयसीयूतला फोटो तर कधीच नाही. आपल्याकडे लोक नळ्या लावलेल्या माणसाचे फोटो बिनदिक्कत फिरवतात. तो माणूस बरा होऊन त्याच तिठ्यावर चहाला येणार आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

मात्र जे सांगायचं ते खरं आणि पुरतं सांगावं. अर्धवट बातमीसारखी वाईट बातमी नाही. आमच्याकडे व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, हे पक्कं. "यंत्रार ठेवल्यानी, म्हणजे आता काय खरा नाय." त्यात दोनेक आठवड्यांनी डॉक्टरांनी ट्रॅकिओस्टॉमी केली. ही गोष्ट 'गळ्याला भोक पाडलं' एवढीच गावात पोचली असती तर लोकांनी लाकडं रचायला घेतली असती. म्हणून त्या दिवशी मी मोठा मेसेज लिहिला. श्वासाचं यंत्र बरेच दिवस लागणार असं दिसलं की तोंडातली नळी काढून ती गळ्यातून घालतात, त्याने तोंड मोकळं होतं, कफ काढणं सोपं जातं, गुंगीचं औषध कमी लागतं, यंत्राची सवय हळूहळू सोडवता येते आणि पुढे नळी काढली की ते छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. म्हणजे ही मागे नाही, पुढे टाकलेली पायरी. शिवाय हा आजार शेजारी बसल्याने लागत नाही, हेही लिहिलं, कारण काकूंच्या हातचं पाणी प्यावं की नाही अशी कुजबुज सुरू झालेली.

दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायच्या आधी गावकरांनी मला थांबवून विचारलं, "गाऱ्हाणा कसला घालू गो, श्वासाचा काय पायाचा?" म्हटलं, आधी श्वासाचं. माणसं समजून घेतात. सांगणाऱ्याला धीर पाहिजे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जीबीएसमध्ये हातपाय, आवाज, श्वास सगळं जाऊ शकतं, पण डोकं शाबूत असतं. माणूस जागा असतो. त्याला ऐकू येतं. आणि भेटायला आलेले नातेवाईक त्याच्या खाटेशी उभं राहून, "किती वाळले बघ", "आता बागेचं काय होणार" असं त्याच्यावरूनच बोलतात, व्हिडिओ कॉल लावून त्याचं तोंड दाखवतात. दादाने हे बंद केलं, तात्यांना विचारून. एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. व्हिडिओ कॉल हवा का? नाही. रोज गावाला कळवू का? हो. आत्येला ये म्हणू का? नाही. (आत्येला हे आजही ठाऊक नाही. आत्ये फेसबुकवर नाही, नाहीतर लिहिलं नसतं.)

खबर कोणाची, तर ज्याचं शरीर त्याची. हे आपण तब्येतीच्या बाबतीत साफ विसरतो.

आणि खबर उलटही जायला हवी. गावाला तात्यांचं कळत होतं, तात्यांना गावाचं काय? मी दादाला रोज दोन-चार ओळी द्यायचे, तो त्यांच्या कानाशी वाचायचा. कुठल्या कलमाला मोहोर आला, तुडतुडे दिसले का, फवारणी झाली का, नेपाळी राखणदार काय विचारतो. जत्रेतल्या दशावताराचं रेकॉर्डिंग पाठवलं. मग अवकाळी पाऊस झाला आणि पहिला मोहोर बराचसा करपला. घरात एकमत झालं की हे सांगायचं नाही, उगाच टेन्शन. मी म्हटलं, त्यांनाच विचारा, बागेची वाईट बातमी आहे, ऐकायची का? डोळे एकदाच मिटले. सांगितलं. त्या दिवशी त्यांचं ब्लडप्रेशर काही उडालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी दादाने अक्षरांचा तक्ता धरला तर त्यांनी एकेक अक्षर निवडून फवारणीच्या औषधाचं नाव सांगितलं. चाळीस वर्षं बाग केलेल्या माणसाला बागेबद्दल गप्प ठेवणं याला मी काळजी म्हणत नाही.

यंत्र सुटलं, तात्या वॉर्डात आले आणि एक गंमत झाली. लोकांसाठी गोष्ट संपली. ग्रुपवर निळ्या टिका कमी दिसायला लागल्या. वाईट काही ऐकायला मिळणार नाही म्हटल्यावर कुतूहल आटतं, हे थोडं कडू आहे पण खरं आहे. वास्तविक घरच्यांची दमछाक तिथून पुढे असते. नसेवरचं आवरणच झिजलेलं असलं तर ते काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येतं, पण आतला तंतूच तुटला असला तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल. दहातले साधारण आठ रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, पण व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना जास्त वेळ लागू शकतो. ही दोन्ही वाक्यं मी एकाच मेसेजमध्ये टाकली. नुसतं पहिलं टाकलं असतं तर शिमग्याला "अजून चालत नाहीत?" सुरू झालं असतं.

तेव्हापासून रोजचा मेसेज बंद करून फक्त रविवारी लिहायला लागले. रोज सांगण्यासारखं काही नसतं आणि नसताना लिहिलं की माणूस उगाच उजवा-डावा पाय करून आशा पेरत बसतो. रविवारच्या मेसेजमध्ये मात्र मी कामं मागायला सुरुवात केली. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे खूप असतात, म्हणून सांगितलंच. काकूंना दोन दिवस सुटी हवी, कोण जाऊन थांबेल? कोल्हापूरहून येणाऱ्या कोणाच्या गाडीत जागा आहे का? घरी कमोडची खुर्ची आणि वॉकर हवा, कोणाकडे पडून आहे का? वॉकर भजनी मंडळातल्या एकांच्या माळ्यावर निघाला. खुर्ची ठाण्याच्या मामांनी पाठवली, तेच मामा जे ग्रुपवरून रुसले होते.

तात्या आता घरी आहेत. बोटं बऱ्यापैकी चालतात, म्हणून मी त्यांना ग्रुपचं अ‍ॅडमिन केलं आणि पुढचं तुम्हीच लिहा म्हटलं. त्यांचा पहिला मेसेज असा: "आज वॉकर धरून पडवीपर्यंत गेलो. जेवण बरे जाते. वाशीच्या मंडळींनी गेल्या सालचे पैसे अजून दिले नाहीत, तेही या ग्रुपवर आहेत, त्यांनी वाचावे."

पैसे दोन दिवसांत आले.