मंडळात न येणारे

नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या चौकात तर्रीपोहे संपले की कट्टा रंगतो. या रविवारी विषय काढला बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी मोठा टीव्ही आणि कॅरम घ्यायचा, वर्गणी काढू म्हणाले.

"टीव्ही तर घरोघरी आहे, काका," सिस्टर म्हणाल्या. लेआउटमधल्या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांची ड्रेसिंग, कॅथेटर त्याच पाहतात. "मंडळात येते कोण? ज्यांचे पाय चालते, कान ऐकते, तेच. न येणाऱ्यांची यादी आहे का तुमच्याजवळ?"

काकांना ते लागलं. "निरोप सगळ्यांना जाते. न येणाऱ्याला का उचलून आणू?"

"उचलू नका, अडते कुठे ते पाहा," फिजिओथेरपीवाल्या ताई मध्ये पडल्या. बागेतला सिमेंटचा बाक बुटका, त्याला हात नाही. गुडघे गेलेला माणूस त्यावर बसतो, पण उठताना चारचौघांत फजिती होते म्हणून पुन्हा येत नाही. खुर्ची जमिनीपासून साधारण १८ इंच उंच आणि दोन्ही बाजूंनी हाताची हवी. दुसरं म्हणजे संडास-बाथरूम. बीपीची किंवा हृदयाची पाण्याची गोळी सकाळी घेतली की पुढचे काही तास सारखं उठावं लागतं. सभागृहाच्या बाथरूमला कुलूप असेल तर ती आजी सहलीलाच काय, हळदीकुंकवालाही येणार नाही. आणि हे कारण ती कोणाला सांगणारही नाही.

मग विषय कानावर आला, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. पत्र्याच्या छताखाली चाळीस माणसं, त्यात माइक. कमी ऐकू येणाऱ्याला नुसता गोंगाट पोचतो. तो दोनदा "काय?" विचारतो, तिसऱ्यांदा हसून मान डोलावतो, चौथ्यांदा घरीच राहतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यात ऐकू न येणं आणि माणसांपासून तुटणं हे दोन्ही आहेत. पहिल्यातून दुसरं कसं होतं ते आपल्या गल्लीतच दिसतं.

"कानाची मशीन घेऊन देते पोरं," मेडिकलवाला भाऊ म्हणाला, "पण कपाटात पडून राहते. सेलचं नारिंगी स्टिकर एकदा काढलं की मशीन बंद असली तरी सेल उतरत जाते. स्टिकर वापस चिकटवून उपयोग नाही. घरच्यांना वाटते मशीन बिघडली." सिस्टरांनी भर घातली: नळीत मळ अडकतो तो रोज मऊ ब्रशने काढायचा. बोलताना टीव्ही बंद, चेहरा उजेडात, अंतर हातभर. ओरडायचं नाही, ओरडल्याने आवाज फाटतो, शब्द कळत नाही. आणि सहा-आठ जणांचाच गट.

"बरं, शोधायचे कसे?" काकांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर गल्ली काढायला घेतली.

दूधवाला, पेपरवाला पोऱ्या आणि धुणंभांड्याच्या ताई, या तिघांना विचारलं की अर्धी गल्ली कळते. दूध उशिरा उचललं जातं का? पेपर दोन दिवसांचे साचले का? बायको गेल्यावर चहाला कोणाकडे जाणंच बंद झालेले काका कोणते? पण काकांनी "ग्रुपवर टाकतो" म्हणताच सगळे एकदम ओरडले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी मोबाइलवर फिरली तर ती चोराच्या कामाची. एकच वही, दोघांच्या हाती, बस.

दारात जाऊन "एकटं वाटते का?" विचारू नये, कोणीही नाहीच म्हणेल. सिस्टर तीन प्रश्न विचारतात: सोबत कमी पडते असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलं जातं असं किती वेळा, आपण तुटून पडलो असं किती वेळा. क्वचित म्हटलं तर १, कधीकधी २, बरेचदा ३. बेरीज ६ किंवा जास्त आली की लक्ष द्यायचं, तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं. दोन आठवडे जेवण-झोप गेली असेल, जगण्यात रस नाही असं बोलणं असेल तर गप्पांनी भागणार नाही. डॉक्टर, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. बाकी अडचणींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

वहीतल्या ज्येष्ठांना अधूनमधून फोन करायचा, त्याचं ठरलं ते असं. एका माणसाकडे चारच ज्येष्ठ, आठवड्यात तीन दिवस, तीच वेळ, तोच आवाज. माणूस बदलत गेला की फोन हजेरीसारखा वाटतो. उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा, मग शेजाऱ्याला सांगायचं. त्याच्याकडे चावी आधीच ठेवलेली हवी. आणि फोनवर तब्येतच विचारत बसायचं नाही, काहीतरी मागायचं. लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण, नातवाचं अडलेलं गणित, जुन्या सातबाऱ्यातला शब्द. दया दाखवणाऱ्याला लोक टाळतात, गरजू शेजाऱ्याला टाळत नाहीत.

"मग तू घरपोच औषध बंद कर," सिस्टर मेडिकलवाल्याला म्हणाल्या. "म्हातारीचं घराबाहेर पडायचं शेवटचं कारण तूच काढून घेतलं."

तो चिडला. "पारा ४५ वर असताना चौकात बोलावू का तिला?"

"उन्हाळाभर पोऱ्या जाऊ दे. पण पिशवी फाटकाला टांगून पळू नको म्हण. कूलरच्या आवाजात बेल ऐकू येत नाही, खिडक्यांना ताट्या लावलेल्या, आत काय चाललं कोणालाच दिसत नाही. हातात दे, कूलरमध्ये पाणी आहे का पाह, दोन मिनिटं बोल. पावसाळा लागला की चालणाऱ्यांना दुकानात येऊ दे. एक खुर्ची ठेव."

"पोऱ्याला दिवसाला तीस घरं आहे, ताई. अन् खुर्ची ठेवू कुठे?"

"तो कोल्ड्रिंकचा फ्रिज सरकव."

फ्रिजवर अर्धं भाडं निघते, म्हणून तो अजून तयार नाही. काकांनी मात्र टीव्हीचं कोटेशन खिशात घातलं आणि हाताच्या खुर्चीचा भाव काय पडेल ते विचारलं.