शून्य म्हणजे भरली

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, यात बातमी काही नाही. उजनी काठोकाठ भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं, आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआडच येतं, आणि येतं तेही पहाटे चारला नाहीतर भर दुपारी. "पाणी यायलंय!" अशी हाक आली की अख्खी गल्ली उठते. नळाचं पाणी हौदात, हौदातलं मोटरीने गच्चीवरच्या टाकीत. टाकी भरल्यावर मोटर बंद करायची जबाबदारी ज्याच्याकडे असते, तो नेमका त्याच वेळी डुलकी काढतो. मग समोरून दुसरी हाक येते: "ओ, टाकी वाहायलीय!" चारित्र्यावर शिंतोडे उडाले तर माणूस एक वेळ सावरेल; वाहत्या टाकीची बदनामी पुढचं पाणी येईपर्यंत पुसत नाही.

वायरमनचं मत स्पष्ट होतं. "फ्लोट बसवा साहेब, पाणी वर आलं की तरंगत स्विच पाडतो, विषय संपला." पण माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, आणि ज्या घरात इंजिनिअरिंगचं पोर असतं तिथे कुठलाच विषय इतक्या स्वस्तात संपत नाही. त्याने एटीएम कार्डाएवढी हिरवी पाटी आणून टेबलावर ठेवली. "मामा, रास्पबेरी पाय. हा अख्खा कॉम्प्युटर आहे. मोटर आता हाच बघेल."

पाटीच्या कडेला दोन रांगांत 40 पिना. चाळीस म्हटल्यावर चैन वाटते, पण हिशेब मांडला की हवा जाते. दोन पाच व्होल्टच्या, दोन 3.3 व्होल्टच्या, आठ ग्राउंडच्या म्हणजे शून्य व्होल्टच्या, दोन राखीव कोट्यातल्या. उरल्या 26. पाटी सुरू होते तेव्हा या सव्वीस जणी नुसत्या ऐकत बसलेल्या असतात; कुणी बोलायचं आणि कुणी ऐकतच राहायचं, म्हणजे आउटपुट कोण आणि इनपुट कोण, हे एकेकीला नाव घेऊन सांगावं लागतं. तिथेच घोडं पेंड खातं.

"मामा, रिलेची वायर 17 ला जाईल," भाचा म्हणाला. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघड-मीट करणारा स्विच. मी सतरावी पिन मोजून दाखवली.

"ती 17 नाही. ती 3.3 व्होल्टची आहे."

"मग 17 कुठली?"

"अकरावी."

झालं असं, की पिनेची जागा मोजली तर ती 11, आतल्या चिपच्या हिशेबाने 17, वायरिंगपाय नावाच्या जुन्या लायब्ररीत (म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचात) तिलाच 0 म्हणतात, आणि पाटीवरच्या लिनक्सच्या नव्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, जुन्या पद्धतीने विचारलं तर ती पाचशेच्याही पुढची, कारण तिथली मोजणीच आता 512 पासून सुरू होते. पिनेला नंबर चार आणि पाटीवर तिच्याशेजारी छापलेला एकही नाही. पहिली पिन ओळखायची तर पाटी उलटी करून चौकोनी डाग शोधायचा, बाकीचे डाग गोल. उलटी केली की डावं ते उजवं होतं, ही सूचना भाच्याने डाग सापडल्यावर दिली. वर दटावणी: "पाच व्होल्टची वायर चुकून इनपुटला टेकवू नका, पाटी जाईल." पाच व्होल्टच्या दोन्ही पिना इतरांच्या अगदी खेटून उभ्या आहेत. ही मांडणी ज्याने केली त्याच्या बोटांचा मला मनापासून हेवा वाटतो.

कॉलेजातल्या सीनियरकडून आणलेला प्रोग्राम तर चालूच होईना. 2023 साली पाय 5, म्हणजे आमच्या पाटीचं मॉडेल, आला तेव्हा पिनांचा कारभार मुख्य चिपकडून काढून आरपी 1 नावाच्या वेगळ्या चिपकडे दिला गेला, आणि सीनियरच्या प्रोग्रामातली जुनी लायब्ररी अजून आधीच्याच ठिकाणी शोधाशोध करते. ते प्रकरण जीपीआयओझीरो नावाच्या दुसऱ्या लायब्ररीने मिटवलं. त्यात संध्याकाळ गेली, आणि कडक भाकरीबरोबर शेंगाचटणीचा डबाही.

तरंगता स्विच टाकीत सोडला. म्हणजे वायरमन म्हणत होता तोच फ्लोट अखेर टाकीत गेला, फक्त त्याच्या आणि मोटरीच्या मध्ये एक कॉम्प्युटर येऊन बसला. पिनेने द्यावेत ते मोजकेच मिलिअँपिअर, रिलेच्या कॉइललाच सत्तरेक लागतात. म्हणून पिन सांगणार ट्रान्झिस्टरला, ट्रान्झिस्टर रिलेला, रिले काँटॅक्टर नावाच्या दणकट स्विचला आणि काँटॅक्टर मोटरीला. वायरमन काँटॅक्टर बसवत होता, तोंडातून अवाक्षर न काढता. ते जास्त लागलं.

खरी गंमत पुढे. स्विचची एक वायर पिनेला, दुसरी ग्राउंडला. पिन मोकळी राहिली तर वाटेल ते ऐकते, म्हणून तिला आतून रेझिस्टर लावून 3.3 व्होल्टकडे ओढून धरायची. याला पुल-अप म्हणतात. टाकी रिकामी तर वाचन 1. टाकी भरली, स्विच मिटला की पिन ग्राउंडला टेकते आणि वाचन 0. आमचा रिलेही त्याच वळणाचा: 0 दिला की चालू, 1 दिला की बंद. हे मी आईला समजावायला बसलो.

"आई, इथे शून्य आलं की टाकी भरली."

"शून्य म्हणजे भरली?"

"हो. आणि तिथे शून्य दिलं की मोटर चालू."

"मग बंद करायला?"

"एक."

आईने पदराला हात पुसले. "कुठल्या शाळेत घातलं होतं रे तुला मी?"

एवढं होऊन यंत्रणा चालू झाली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या अण्णांचे माग सुरू होताच रिले खट-खट-खट वाजायला लागला. टाकीची वायर अण्णांच्या शेडच्या भिंतीला लागून खाली येते. आतला पुल-अप पन्नासेक किलोओहमचा, म्हणजे अगदी नाजूक. एवढी लांब वायर मागाच्या मोटरींची सगळी खरखर गोळा करून आणत होती. टाकी क्षणात भरलेली, क्षणात रिकामी. भाच्याने बाहेरून 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला, काही सेकंद वाचन स्थिर राहिल्याशिवाय काहीच करायचं नाही असं प्रोग्रामला बजावलं, तेव्हा खटखट थांबली.

आवाज ऐकून अण्णा आले होते. चादरीच्या धंद्यात केस पांढरे झालेले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आमचं मागावरचं नक्षीचं यंत्र, जॅकार्ड बघ. पुठ्ठ्याला भोक असलं की हूक वर, नसलं की खाली. भोक म्हणजे हो. उलटं कशाला करायलास?" जाकार नावाच्या फ्रेंच माणसाने ते यंत्र 1804 च्या सुमारास काढलं, त्यानंतरच्या दोनशे वर्षांत माणसाने काय प्रगती केली, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, भाचा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला.

तरी अण्णांना मोह पडलाच. ताण्याचा धागा तुटला की घरात दिवा लागला पाहिजे, अशी त्यांची ऑर्डर आहे. भाच्याने त्यांना 27 नंबरची पिन दिलीय. अण्णांनी चष्मा लावून पिना मोजल्या, ती तेरावी भरली. तेव्हापासून दोघं भांडायलेत, आणि दोघांचंही बरोबर आहे.