‘त्रास सोसला की मूल कणखर होते’ असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘मुलांना काचेची भांडी बनवू नका’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वर्गातल्या मुलांनी चिडवले-मारले तर मूल कणखर होते, दुर्लक्ष केले की त्रास देणारे आपोआप थांबतात, नाहीच थांबले तर मुलाने उलट दोन ठेवून द्याव्यात, पालकांनी शाळेत तक्रार नेऊ नये, आणि शाळेत सोसायची सवय लागली की पुढे नोकरीत वरिष्ठांचे बोलणेही सोसता येते. एरवी असे संदेश मी वाचून सोडून देते. हा सोडवत नाही, कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या सहावीतल्या मुलाला वर्गातली काही मुले रोज त्रास देतात, आणि वर्गशिक्षिकांना भेटायचे ठरलेले असताना त्याच्या वडिलांनी हाच संदेश दाखवून ती भेट रद्द केली.

मान्य करण्यासारखे जेवढे आहे तेवढे करते. मुलामुलांत भांडणे होतात, नावे ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा एकत्र उघडतात. अशा प्रत्येक कुरबुरीसाठी आईवडिलांनी शाळा गाठू नये, हे खरे. पण या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि देणाऱ्याचे बळ सोसणाऱ्यापेक्षा जास्त असते, मग ते अंगाचे असो, संख्येचे असो वा वर्गातल्या वजनाचे. संदेशाने भांडण आणि छळ एकच मानले आहेत.

सर्वांत घातक दावा कणखरपणाचा. माझ्या भाच्याची पाण्याची बाटली सकाळी भरलेली असते तशीच संध्याकाळी परत येते. मधल्या सुट्टीत ती मुले त्याला स्वच्छतागृहाच्या दारात अडवतात, म्हणून तिकडे जाण्याची वेळच येऊ नये यासाठी तो दिवसभर पाणी पीत नाही, आणि घरी आल्यावर बूटही न काढता आत धावतो. याला कणखरपणा म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

‘आमच्या वेळीही हे होते, आमचे काय बिघडले?’ असे संदेश विचारतो. याचे उत्तर उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये 1958 च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यांपैकी 7771 जणांच्या पालकांनी मूल सात आणि अकरा वर्षांचे असताना त्याला इतर मुले त्रास देतात का, हे सांगितले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये मध्यमवयातही नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते, आणि पन्नाशीत त्यांची स्मरणशक्ती व आकलनही तुलनेने कमी भरले. घरची आर्थिक स्थिती, मुलाची बुद्धिमत्ता, त्याच्या आधीच्या भावनिक अडचणी हे सारे हिशेबात धरूनही फरक उरला. ही माणसे ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांच्याच पिढीची आहेत. त्यांच्या बालपणी मोबाइल नव्हता. ज्यांचे बिघडले ते असे संदेश लिहायला बसत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

दुर्लक्ष करण्याचा सल्ला एखाद्या ओझरत्या शेऱ्यापुरता चालेल; रोज दार अडवणाऱ्याकडे दुर्लक्ष कसे करायचे, ते संदेशात नाही. उलट मारण्याबद्दल एवढेच, की बळ कमी असते म्हणूनच त्या मुलाला निवडलेले असते, आणि शिक्षकांच्या नजरेला बहुधा शेवटचा फटकाच पडतो.

तक्रार नेऊ नका, हे सांगणे मात्र नुसते चूक नाही, छळ करणाऱ्याला संरक्षण देणारे आहे. महाराष्ट्रात 1999 चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. तो फक्त महाविद्यालयांचा, ही समजूत चुकीची आहे. शैक्षणिक संस्थेच्या त्याच्या व्याख्येत शिक्षण देणारी कोणतीही संस्था, वसतिगृह आणि शिकवणी वर्गही येतात, आणि चिडवणे, शिवीगाळ, धमकी, लाज वाटेल असे काही करायला लावणे हे सारे त्यात धरले आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. टाळाटाळ केली तर त्यानेच गुन्ह्याला प्रोत्साहन दिले असे मानले जाते. सहावीतल्या मुलांवर पोलीस केस करावी असे मी म्हणत नाही, आणि बहुतेक वेळा तशी गरजही पडत नाही. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहापाशी एक शिक्षक उभे राहिले, बाकांची जागा बदलली, त्रास देणाऱ्या मुलांच्या पालकांना बोलावले, तर पुष्कळ काही सुटते. पण त्यासाठी शाळेला लेखी कळलेले असले पाहिजे, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घेतलेली असली पाहिजे. शाळा ऐकतच नसेल तर 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

राहिला नोकरीचा मुद्दा. कामातली चूक दाखवणे हा वरिष्ठांचा अधिकार आहे. सगळ्यांदेखत लायकी काढणे, बैठकीतून मुद्दाम वगळणे, सुट्टीच्या रात्री फोन करून डाफरणे हा नाही. लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक आहे. इतर दादागिरीसाठी मात्र आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच तिथे सोसण्याची सवय कामाची नाही, नोंदी ठेवण्याची सवय कामाची आहे : तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होते, आणि तोंडी दिलेल्या हुकमानंतर ‘आपण आज असे सांगितले, ते बरोबर समजले आहे ना’ असा साधा ईमेल. मनुष्यबळ विभाग असो वा कामगार संघटना, पुढे कुठेही गेले तरी पहिल्यांदा हेच मागतात.